कोलशेतचं फुटबॉलवालं कॅफे : क्लब मायनसमध्ये असेल तर नक्की जा, फ्राइजसाठी जाऊ नका

आधी मार्क देऊन टाकतो म्हणजे ज्यांना फक्त खायला कुठे जायचं एवढंच बघायचंय त्यांचा वेळ नको जायला. खाणं 5 पैकी अडीच, बसायची सोय 3, मॅच बघायला 4, आणि तुमच्या क्लबचं दिवाळं वाजलं असेल, पॉइंट कापले असतील, मालकाच्या नावाने बोटं मोडत असाल तर 5 पैकी 6. हो, सहा. माझं असंच आहे त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा एकतर्फी होणार.

नाव टाकत नाही. दादा (म्हणजे मालक, सगळे दादाच म्हणतात) स्वतःच म्हणाले की नाव कुठे टाकू नका हो, शनिवारी आधीच खुर्च्या पुरत नाहीत. ठाण्यात कोलशेत रोडला हार्डवेअरच्या दुकानाच्या वर पहिला मजला, जिना इतका अरुंद की खालून माणूस येत असेल तर वरच्याने थांबायचं, बाहेर धड बोर्ड पण नाही, चहाच्या कपाचा एक लाइट आहे तो सुद्धा कधी चालू कधी बंद. गाडी खाली लावू नका, हार्डवेअरवाल्याचा टेम्पो येतो आणि मग मॅच सोडून खाली पळावं लागतं. घोडबंदरकडून येणार असाल तर शनिवारी संध्याकाळी कापूरबावडीला किती वेळ जाईल ते तुम्हाला माहितीच आहे, किकऑफ चुकला तर मला बोलू नका.

आत एक मोठी भिंत पांढरी रंगवलीय, त्यावर प्रोजेक्टर. भिंतीत डाव्या बाजूला वरती एक खिळा आहे, पूर्वी तिथे कॅलेंडर असायचं म्हणे, आणि डावीकडून कॉर्नर आला की बॉल बरोब्बर त्या खिळ्यापाशी गडप होतो आणि मग एकदम पेनल्टी बॉक्समध्ये उगवतो. कितीदा सांगितलं दादा तो खिळा काढा, काढतो काढतो म्हणतात. आवाज मात्र मस्त आहे, दोन स्पीकर कुठल्यातरी गणपती मंडळाच्या साऊंडवाल्याकडून घेतलेत, कॉमेंट्री छातीत वाजते. आणखी एक भारी गोष्ट म्हणजे स्टीलचा डबा. चित्र तीस-चाळीस सेकंद मागे असतं, त्यामुळे कोणाच्या तरी मोबाइलवर गोलचं नोटिफिकेशन आधी येतं आणि तो ओरडतो, सगळ्यांचा मूड जातो. म्हणून मॅच सुरू झाली की सगळ्यांचे फोन त्या चकलीच्या डब्यात. झाकण लावून काउंटरवर. लहान मुलं घरी असलेल्यांना सूट आहे.

खाण्याचं पटकन सांगतो. पेरी पेरी फ्राइज 160 रुपये आणि मऊ पडलेल्या, घेऊ नका. चीज चिली टोस्ट बरा. कोल्ड कॉफी गोड मिट्ट. कटिंग मात्र एक नंबर, आलं ठेचून घातलेलं, आणि हाफटाइमला दादांच्या घरून कधी कधी सुक्या जवळ्याची भाकरी येते ती मेन्यूवर नाही, नशिबात असेल तर मिळते. मिसळ आहे पण ठाण्यात राहून इथे मिसळ का खाल.

आता मूळ गोष्ट. मी शेफिल्डला एमएस्सीला होतो, तिथे स्वस्तातल्या तिकिटावर हिल्सबरो स्टेडियमला जायची सवय लागली आणि तिथला क्लब, शेफिल्ड वेन्सडे, गळ्यात पडला तो कायमचा. इकडे आल्यावर ठाण्यात या क्लबचा दुसरा माणूस सापडेल अशी आशा पण नव्हती. सगळीकडे लिव्हरपूल, युनायटेड, आर्सेनल, चेल्सी. इतर ठिकाणी वेन्सडेची मॅच लावा म्हटलं की वेटर असा बघतो जणू आपण हॉटेलात जाऊन पेज मागितली. इथे दादांनी फक्त विचारलं, किती जण येणार? मी म्हटलं एक, मीच. म्हणाले चालेल, कोपऱ्यातल्या टीव्हीवर लावतो, पण दोन कटिंग तरी घ्या.

त्या कोपऱ्यातल्या टीव्हीभोवती हळूहळू एक टोळी जमली. एक डर्बी काउंटीवाला (वेन रूनीमुळे लागला आणि मग सुटेना), एक लीड्सवाला काका, एक एव्हर्टनवाली जी वर्तकनगरला क्लास घेते, एक पोर्ट्समथवाला. कॉमन गोष्ट एकच, सगळ्यांच्या क्लबचे पैशापायी पॉइंट कापले गेलेत. मोठ्या भिंतीवर लोकं टायटलसाठी भांडतात, आमच्या टेबलावर कोणाचा मालक जास्त नालायक यावर.

2025 चा ऑक्टोबर सांगतो, म्हणजे कळेल या जागेला मी सहा का देतो. वेन्सडेचं सगळं वर्ष वाईटच चाललं होतं, खेळाडूंचे आणि स्टाफचे पगार वारंवार उशिरा, चांगले खेळाडू निघून गेले, मॅनेजर डॅनी रोल गेला, सीझनच्या तोंडावर नॉर्थ स्टँड सेफ्टीच्या कारणाने बंद, आणि मालक डेजफॉन चान्सिरी क्लब विकतही नव्हता आणि चालवतही नव्हता. तिथल्या सपोर्टर्सनी ठरवलं की या माणसाच्या हातात एक पैसा द्यायचा नाही. जर्सी नाही, मॅचला खायचा पाय (त्यांचा पॅटिससारखा प्रकार) नाही, बियर नाही. 22 ऑक्टोबरला मिडल्सब्रोबरोबरच्या घरच्या मॅचला बहिष्कार, एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये जेमतेम सात हजारांच्या आसपास लोक. आपल्या टीमची मॅच आणि आपण मुद्दाम जायचं नाही, हे करायला काय लागतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. मी ठाण्यात बसून जर्सी घेतली नाही एवढाच माझा वाटा, आणि तरी दुकानाची साइट उघडून बघायचो आणि बंद करायचो.

आणि मग भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवार 24 तारखेला, दुपारी बातमी. क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये. टॅक्सवाल्यांची थकबाकी अंगाशी आली होती, स्टेडियम ज्या कंपनीच्या नावावर ती पण त्याच वाटेने गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणजे देणी भागत नाहीत म्हणून मालकाच्या हातातून कारभार काढून बाहेरचे तज्ज्ञ येऊन बसतात आणि गिऱ्हाईक शोधतात. आणि ईएफएलचा (प्रीमियर लीगच्या खालच्या तीन लीग चालवणारी संस्था) नियम असा की असं झालं की सरळ 12 पॉइंट वजा. आमचे होतेच 6. म्हणजे मायनस 6, टेबलच्या तळाशी.

शनिवारी मी पेढे घेऊन गेलो.

खरंच. दादांच्या काउंटरवर बॉक्स ठेवला, सगळ्यांना वाटले. मोठ्या भिंतीसमोरची पोरं विचारतायत काय जिंकलात, मी म्हटलं बारा पॉइंट कापले, एक जण म्हणाला काका तुम्ही बरे आहात ना. पण तिकडे शेफिल्डला पण तेच चाललं होतं, लोकं खूष होती, रडत होती, क्लबच्या दुकानाबाहेर रांगा, कारण आता पैसा मालकाच्या खिशात जाणार नव्हता, ऑफिसातल्या बायकांच्या आणि मैदान राखणाऱ्याच्या पगाराला जाणार होता. ज्या सपोर्टर्स ट्रस्टने परवापर्यंत एक पैसा देऊ नका म्हटलं त्याच ट्रस्टने आता या आणि खर्च करा म्हटलं. परवाच्या सात हजारांचे त्या शनिवारी पंचवीस हजारांच्या वर झाले. ऑक्सफर्डकडून 2-1 हरलो. कोणाला काही वाटलं नाही. मी त्याच रात्री दोन जर्सी मागवल्या, एक माझी आणि एक पुतण्याची, त्याला अजून माहीत नाही त्याच्या नशिबात काय लिहिलंय ते.

दादांनी काय केलं ते सांगायला पाहिजे. जिन्याच्या वर एक व्हाइटबोर्ड आहे, त्यावर आठवड्याच्या मॅच आणि टेबल असतं. त्या दिवशी आमच्यासाठी चॅम्पियनशिपचं (म्हणजे प्रीमियर लीगच्या खालची लीग, आमची) टेबल लिहिलं, तळाला शेफिल्ड वेन्सडे, पुढे 6. मग हिशोब समजावून घेतला, बाहीने तो 6 पुसला आणि हिरव्या मार्करने हळूच एक आडवी रेघ आणि पुन्हा 6. थोडं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाले, "असं कधी लिहिलं नव्हतं हो." आणि मग लगेच, "पण बुडवलं कोणी आणि कापलं कोणाचं?"

हाच तो प्रश्न. यावर आमच्या टेबलावर जितका वेळ गेलाय तितका फुटबॉलवर पण गेला नसेल. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. मालक विमानात बसून जातो, पॉइंट अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांच्या कष्टाचे जातात. 1 डिसेंबरला तर कहर झाला, पगार आणि देणी वेळेत न दिल्याबद्दल अजून 6 कापले. तोपर्यंत चान्सिरीचा कारभार संपलेला होता! त्याला तीन वर्षं ईएफएलमधल्या क्लबची मालकी घ्यायला बंदी घातली, त्याला काय फरक पडणार. आम्ही मायनस 10. ऑक्टोबरच्या बाराला पेढे वाटले होते पण या सहाला माझं डोकं फिरलं, कारण त्या बारात निदान सुटका तरी होती, या सहात काय होतं?

लीड्सवाले काका मात्र दरवेळी उलट बाजूने बोलतात आणि त्यांना तो हक्क आहे. 2007 मध्ये लीड्सचे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनसाठी 10 कापले, खालच्या लीगमध्ये गेले, आणि पुढचा सीझन सुरूच मायनस 15 पासून. तरी ती टीम वर चढायच्या प्लेऑफच्या फायनलपर्यंत गेली आणि डॉनकास्टरकडून हरली. काका म्हणतात, "अरे जो क्लब झेपेल तेवढाच खर्च करतो, टॅक्स वेळेवर भरतो, आणि त्यामुळे खाली जातो, त्याचा काय दोष? शिक्षा नसेल तर सगळेच उधारीवर स्ट्रायकर आणतील." मला पटत नाही असं म्हणता येत नाही. फक्त माझ्या क्लबबद्दल बोलत असले की पटत नाही.

आणि डर्बीवाला. त्याच्याशी माझं वैर खरं तर जुनं असायला पाहिजे. आमच्या मालकाने हिल्सबरो स्टेडियम स्वतःच्याच कंपनीला साधारण 60 मिलियन पाउंडला विकलं, हिशोबात नफा दिसावा म्हणून, कारण मर्यादेबाहेर तोटा दाखवला तर शिक्षा होते. समजा सोसायटीच्या चेअरमनने सोसायटीचं गार्डन स्वतःच्या बायकोच्या नावावर विकत घेतलं आणि मीटिंगमध्ये सांगितलं बघा या वर्षी किती शिल्लक, तसं. त्यावरून 12 पॉइंट, अपिलात 6 झाले, ते 2020-21 ला लागू. 8 मे 2021, शेवटची मॅच, कोणाबरोबर? डर्बी. 3-3. डर्बी 44 पॉइंटवर वाचले, आम्ही 41 वर खाली. ते सहा नसते तर 47, आरामात राहिलो असतो. त्याच डर्बीच्या मालकाने पण स्वतःचं स्टेडियम स्वतःलाच विकलं होतं! आणि मग पुढच्याच सीझनला नियतीने पत्ते फिरवले, डर्बी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये, 12 आणि हिशोबातल्या भानगडीचे 9, एकूण 21 वजा. मॅनेजर रूनीच्या पोरांनी मैदानावर 55 पॉइंट कमावले, हातात राहिले 34, खाली गेले. तर तो आणि मी एकाच टेबलावर बसतो आणि त्या 3-3 चा विषय निघाला की बिल तो देतो. अलिखित नियम आहे.

एव्हर्टनवालीचा राग वेगळ्या जातीचा. त्यांचे नोव्हेंबर 2023 मध्ये 10 कापले, अपिलात 6 केले, मग अजून 2. त्यांच्या लोकांनी गुडिसनला (तेव्हाचं त्यांचं स्टेडियम) गुलाबी कार्डं धरली होती, लीगच्या नावाने शंख केला. ती म्हणते की आमचा हिशोब चुकला मान्य, पण मँचेस्टर सिटीवर फेब्रुवारी 2023 मध्येच पैशाचे नियम मोडल्याचे शंभरावर आरोप ठेवले आणि आमचा निकाल त्यांच्या आधी कसा? इथे मोठ्या भिंतीसमोरून कोणीतरी सिटीवाला हमखास वळून बघतो आणि पुढचा अर्धा तास वाया.

दादांना यातलं सगळ्यात काय लागलं असेल तर पोर्ट्समथची गोष्ट. फेब्रुवारी 2010, प्रीमियर लीगमध्ये असताना अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेलेला पहिला क्लब, 9 पॉइंट वजा, त्याच सीझनला एफए कप फायनल पण खेळले. नाकापेक्षा मोती जड, पगारच झेपेनात. पोर्ट्समथवाल्याने सांगितलं की फुटबॉलचा नियम असा की खेळाडूंचं आणि दुसऱ्या क्लबांचं देणं पूर्ण द्यायचं, आणि बाकीच्यांना पाउंडामागे जे काय पेन्स सुटतील ते. देणेकऱ्यांच्या यादीत सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स होती, म्हणजे मॅचला कोणी चक्कर येऊन पडलं तर उचलणारी सेवाभावी माणसं. दादा कटिंग ओतत होते ते थांबले.

"म्हणजे केटररचे पण बुडाले?"

बुडाले म्हटलं, रुपयातले बरेच आणे बुडाले.

"आणि त्या सेंटर फॉरवर्डला फुल्ल?"

फुल्ल.

त्यानंतर दादांनी इतकी शुद्ध शिवी दिली की एव्हर्टनवाली पण हसली. धंदा करणाऱ्या माणसाला हे एका वाक्यात कळतं, आम्ही टेबलावर महिनोन्महिने नियमांचा कीस काढतोय. पुढे पोर्ट्समथच्या लोकांनी हजार हजार पाउंडाचे शेअर घेऊन 2013 मध्ये स्वतःचा क्लब स्वतः विकत घेतला, चौथ्या पातळीवर गेलेला असताना, आणि 2017 ला ती लीग जिंकून मग डिस्नेच्या माजी बॉसला, मायकल आइस्नरला विकला. पोर्ट्समथवाला हे सांगताना दरवेळी घसा खाकरतो. बेरी क्लबच्या लोकांना तेवढी पण संधी मिळाली नाही, 27 ऑगस्ट 2019 ला लीगमधून काढलं, आणि त्याच दिवशी सकाळी लोक झाडू-फडकी घेऊन स्टेडियम साफ करायला गेले होते, वाचलो तर मॅच खेळवायची म्हणून. हे ऐकल्यावर आमच्या टेबलावर कोणी आपल्या क्लबचं रडगाणं गात नाही, निदान दहा मिनिटं.

निराश व्हायला नको म्हणून ल्यूटन क्लबची गोष्ट. 2008-09 ची सुरुवात मायनस 30 पासून, तीस! लीगमधून बाहेर फेकले गेले, पण त्याच सीझनला वेम्ब्लीवर लीग ट्रॉफी (खालच्या लीगमधल्या क्लबांचा कप) जिंकले, आणि 2023 ला प्रीमियर लीगमध्ये. मला कोणी वेन्सडेचं काय होणार विचारलं की मी ल्यूटन म्हणतो आणि विषय बदलतो.

मधे एकदा मुंबई सिटीची जर्सी घातलेला एक पोरगा आमच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला तुमचं निदान पॉइंट तरी कापतात. बरोबर होतं त्याचं. आपल्याकडे क्लब बुडाला की शहरच बदलतो, 2019 ला एफसी पुणे सिटी बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला, 2025 ला हैदराबादचा क्लब दिल्लीला. पुण्याच्या माणसाने कोणाच्या नावाने ओरडायचं? आयएसएलच (आपली इंडियन सुपर लीग) 2025 मध्ये करारावरून अडकली, डिसेंबरमध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतून अंग काढून घेतलं. हा पोरगा नेरूळच्या डी. वाय. पाटीलला 2014 मध्ये मुंबई सिटीने पुण्याला 5-0 हाणलं ती मॅच वडिलांच्या खांद्यावर बसून बघितलेला. त्याला आमच्या टेबलाचं सभासदत्व ताबडतोब दिलं, उरलेला पेढा पण.

आता तक्रारी, कारण रिव्ह्यू आहे. लिव्हरपूल-युनायटेड किंवा आर्सेनलची मोठी मॅच असली की 300 रुपये कव्हर, तो बिलात वळता होतो पण बळंच फ्राइज खाव्या लागतात. त्या दिवशी आमचा कोपरा जिन्यापाशी हलवतात आणि टीव्हीचा आवाज बंद, फक्त चित्र. हे बरोबर नाही दादा, आम्ही पाऊस-पाण्यात येणारी माणसं आहोत. बाथरूम एकच आणि कडी लागत नाही. सर्व्हिसला एकच पोरगा, तो स्वतः चेल्सीचा फॅन, चेल्सीची मॅच असली की ऑर्डर विसरून जा. बिल एकदा नजरेखालून घाला, दुसऱ्या टेबलाचा टोस्ट आपल्याकडे येतो, मुद्दाम नाही, त्याचं लक्ष भिंतीवर असतं. पंखा एकच जोरात चालतो, त्याच्याखालची जागा लीड्सवाल्या काकांची, वाद घालू नका.

उधारी चालते पण ओळखीवर, आणि पोर्ट्समथची गोष्ट ऐकल्यापासून दादा महिनाअखेरीला वही काढून बसायला लागलेत. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. फॅमिलीला घेऊन जायचं असेल तर संध्याकाळी लवकरच्या मॅचला जा, रात्री साडेबाराच्या किकऑफला फक्त आम्ही असतो आणि खाली हार्डवेअरवाल्याचा कुत्रा. खालच्या लीगमधल्या क्लबची मॅच हवी असेल तर आदल्या दिवशी काउंटरवर सांगून ठेवा, लावतात, एकटे असलात तरी लावतात. दोन कटिंग मात्र घ्यावे लागतील.